निळ्या दिव्याखालची बोटं

३ एप्रिल, नवीन जालना
मिळाली एकदाची नोकरी! ज्या दवाखान्यानं माझी रेणुकाताई गिळली, त्याच दवाखान्यात आज मी सिस्टर म्हणून रुजू झाले. जाताना पेढे नेले. डॉक्टर ओमप्रकाशांनी दोन खाल्ले. म्हटलं, खा, पोटभर खा. ताईचं आडनाव सासरचं, त्यामुळे त्यांना काही कळायचा प्रश्नच नाही.

जागा छान आहे, स्टेशनच्या जवळ, फरशी चकचकीत. न भरणाऱ्या जखमांवर इथं चांदीचं मलम लावतात. त्यातले कण इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. वर निळा दिवा धरला की ते जागे होतात आणि जखमेतले जंतू मारतात. मलमाचा रंग कोऱ्या चहासारखा. डॉक्टरांनी सगळं कौतुकानं समजावलं आणि मी शहाण्या मुलीसारखी मान डोलावली.

७ एप्रिल
वॉर्डबॉय सुग्रीवमामा आमच्या वाटूरचेच. मी कोण, हे इथं फक्त त्यांना ठाऊक आहे. ताई गेल्यावर रडत त्यांनीच सांगितलं होतं, "तुमच्या बहिणीला चांदी लावलीच न्हाई, ताई. साध्या मलमात चहाचं पाणी मिसळेल व्हतं. खरं मलम साहेबानं पैसेवाल्यांसाठी ठेवल्तं."

बाळंतपणाच्या टाक्यांत पू होऊन गेली माझी ताई. त्या दिव्याखाली पडून बरं वाटतंय म्हणायची. त्या माणसाला देव म्हणायची! याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो.

१२ एप्रिल
कूलरच्या पात्यानं डॉक्टरांचा तळहात कापला. शुगर आहेच, जखम चिघळली. स्वतःला मात्र खरं मलम! पट्टी मीच करायची, माझा हात हलका आहे म्हणे.

खरी डबी सिंकमध्ये ओतून टाकली. साध्या मलमात चहाचं पाणी कालवून तीच डबी भरली. त्यांच्या जखमेला फासलं, वर दिवा धरला, आणि बरं वाटतंय ना, असं गोड आवाजात विचारलंही.

१६ एप्रिल
हात सुजून टम्म झालाय. आज दिवा लावला आणि त्यांच्या मनगटावर काळे डाग उमटू लागले. बघता बघता बोटांची पकड झाली. करंगळी अर्धीच होती. ताईची करंगळी लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात गेली होती.

घाबरायला हवं होतं. मी मनात म्हटलं, आलीस गं बाई, घट्ट धर.

२० एप्रिल
बोटं कोपरापर्यंत चढली, मग खांद्यापर्यंत. उजेड पडेल तिथली कातडी काळी पडते आणि सडते. दिवाच हवा असं नाही, खिडकीतलं ऊनही पुरतं. डॉक्टर चादरीत तोंड लपवून पडदे लावा म्हणतात. मी पडदे सरकवते आणि डोळे भरून बघते.

२१ एप्रिल
संपला. भर दुपारी. गळ्याभोवती बोटं होती. सुग्रीवमामा बाहेर जाऊन ओकले. मी आईला फोन करून सांगितलं, आज गोड कर.

२३ एप्रिल
गच्चीवर कपडे वाळत घालत होते. ऊन लागलं आणि माझ्या मनगटावर — तीच अर्धी करंगळी. साबणानं घासलं, राखेनं घासलं. जात नाही.
ताई, मी आहे गं. मोनिका.

२४ एप्रिल
स्टोअररूममध्ये बसलेय. खिडकीला पुठ्ठे लावले. अंधारात बोटं थांबतात, उजेडात चढतात.

आता कळलं. तिला बहीण दिसतच नाही. दिव्याखाली पडलेल्या माणसाला खोटं मलम फासणारा हात तेवढा दिसतो. डॉक्टरचा दिसला, तसाच माझा. आणि हा हात — हा तर तिच्यासाठीच —

पुठ्ठ्याच्या फटीतून येणाऱ्या उजेडात खांदा गेला.

२५ एप्रिल
फटीतून रेघभर उजेड येतो. वही त्यात, हात उजेडाबाहेर. ओरडता येत नाही, गळ्यावर बोटं आहेत. अजून सैल आहेत — अंधार आहे तोवर —

दाराशी सुग्रीवमामा आलेत. मायेनं विचारतात, "ताई, अंधारात कशाला बसून राह्यल्या? थांबा, लाईट लावतो."

बटण बाहेरच्या भिंतीवर आहे —
मामा नको —
आवाज फुटत ना