जोत्याचे दोन थर

आषाढ वद्य अष्टमी, १९६१. दिवेलागण.

वही मांडीवर घेऊन खाटेवर बसलोय, कारण खाली जमीन उरलेली नाही. ओटीवर, माजघरात गुडघाभर पाणी. शेजारी सुमन आणि आमची नऊ दिवसांची पोर.

घर बांधताना ओव्हरसियरने अंगणातल्या फणसावर गेरूची रेघ मारली होती. पुराचं गाव आहे, जोता इथपर्यंत हवा, बोटभरही कमी नको, म्हणाला. गवंड्याने तसा बांधलाही. मग देवळाचे मानकरी बाबीकाका आले. "मास्तर, देवळापरास उंच जोतो? ह्यां देवीक चलाचां नाय." मी शाळेत विज्ञान शिकवतो. तरी 'बरं' म्हटलं. चिऱ्यांचे वरचे दोन थर काढायला लावले. का? गावात वाईट दिसेल म्हणून?

ते चिरे अंगणातच पडून होते. आज कमरेच्या वर पाण्यात चाचपडून तेच उचलून आणले आणि खाटेच्या पायांखाली घातले. खिडकीतून फणसावरची रेघ दिसतेय. अजून कोरडी, पाण्याच्या चार बोटं वर. नको म्हटलं तरी नजर तिथेच जाते. सुमन पोरीला पदराखाली घेऊन रेघेकडे पाठ करून बसलीय. 

आत्ताच बाबीकाका दारात आले. थंडीने दात वाजतायत, डोक्यावर घोंगडीत गुंडाळलेली देवीची उत्सवमूर्ती. "मास्तर, देवळात पाणी इलां. देवीक तुमच्याकडे ठेवया. तुमचां घर उंचार आसा मां?"

मी म्हटलं, "नाय, काका. देवळाएवढांच आसा."