नववं कलम

७ जानेवारी

चि. धाकटीस अ. उ. आ. वि. वि.

पत्र पोचलं. भिंगरीला दातांच्या कवळ्या बनवण्याच्या कारखान्यात कायम केलं, हे वाचून आनंद झाला. तुझ्या लेकीच्या बोटांत कला आहे. मामावर गेली, असं म्हणू देशील तर म्हणतो.

इकडची बातमी अशी. आमच्याकडे लोक मचाणावरून दोराला लटकून दरी पार करतात, हे तुला ठाऊक आहे. त्याआधी प्रत्येकाने एका कागदावर सही करायची, की काही झालं तर दोष आमचा नाही. हा कागद मालकांनी वकिलाकडून करून आणला. मी वाचला. आठ कलमं. वारा, चक्कर, जुनं दुखणं, पाहुण्याची स्वतःची चूक, सगळं होतं. पण आमच्याच माणसाकडून पाहुण्याच्या पट्ट्याची कडी दोराला नीट लागली नाही तर काय, यावर अवाक्षर नाही! एवढं भगदाड पदवीधराला दिसलं नाही, आठवीत शाळा सुटलेल्या तुझ्या भावाला दिसलं. रद्दीतली कायद्याची पुस्तकं वाचतो म्हणून हसायचीस ना? कर्मचाऱ्याच्या हातून यत्किंचितही हयगय झाली तरी तक्रार करता येणार नाही, असं नववं कलम मी लिहिलं. वकिलाने काना-मात्रा न बदलता ठेवलं.

आता मालकांनी मला मचाणावरून खाली टेबलावर आणलं आहे. अकरा वर्षं कड्या तपासल्या, आता माणसं तपासतो. प्रत्येकाला एकेक कलम समजावतो, प्रत्येक कलमापुढे सही घेतो, मग माझ्या वहीत 'समजावले' अशी खूण करतो.

भिंगरीला एखाद्या रविवारी पाठव. मामाचं काम बघू दे. लोभ आहेच, त्याला ओहोटी लागू देऊ नकोस.

तुझा दादा

१९ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

लहानपणी माझ्या निबंधांत लाल पेन्सिलीने खुणा करायचास, आता वकिलाच्या कागदात केल्यास. बरं झालं, माझी सुटका झाली. ह्यांना पत्र वाचून दाखवलं, तर म्हणाले, मेव्हणे यमाकडूनसुद्धा आधी सही घेतील आणि मगच दार उघडतील.

एक शंका आहे. तू खाली टेबलावर, मग वर कड्या कोण तपासतं? उत्तर कलमात नको, साध्या भाषेत दे.

भिंगरी येत्या रविवारी येते आहे. तिला उंचीची भीती वाटते, पण मामा असल्यावर कसली भीती, असं तीच म्हणते. तिला सांभाळ. आहे तो लोभ तसाच राहू दे.

तुझी धाकटी

४ मार्च

ती. दादास नमस्कार.

दवाखान्यात तू दोनदा आलास आणि दारातूनच परत गेलास, हे नर्सने सांगितलं. आत आला असतास तर पत्राची गरज पडली नसती.

भिंगरीच्या उजव्या हाताची तीन बोटं मिटत नाहीत. मिटतील असं डॉक्टर आता म्हणतही नाहीत. कारखान्याने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. त्या रविवारी ती मचाणावरून पडली तेव्हा पट्ट्याची मागची कडी अडकवलीच नव्हती, आणि वर तिकिटं फाडणारा उभा होता. माझ्या शंकेचं उत्तर मला असं मिळालं.

भरपाईचा दावा करायचा म्हणून आमच्या वकीलबाईंना कागद दाखवला. त्या म्हणाल्या, आठ कलमांना त्या भीत नाहीत, गाडं अडतं ते नवव्यावर. ज्याने लिहिलं तो पोचलेला माणूस आहे, असंही म्हणाल्या. 'यत्किंचितही' हा शब्द आपल्या घरात एकच माणूस वापरतो.

वाट एकच आहे. ते कलम तिला समजावून न देताच सही घेतली, असं सही घेणाऱ्याने लिहून द्यायचं. पण तुझ्या वहीत तर खूण आहे. भिंगरीला विचारलं, तर मामालाच विचार म्हणाली, आणि भिंतीकडे वळली. म्हणून विचारते.

धाकटी

१७ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

मालकांनी परवा माझ्यापुढे टाइप केलेला जबाब ठेवला, की मी भिंगरीला नऊच्या नऊ कलमं समजावली. मी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका काढून दिल्या. सवय. मग सहीसाठी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

घडलं ते असं. रांगेत चाळीसेक माणसं होती. भिंगरीने आठ ठिकाणी सही केली, नववी ओळ कोरी सोडली, आणि हसत म्हणाली, की मामा असताना हिची काय गरज. मागचे लोक बघत होते. भाचीसाठी नियम वाकवतो असं कोणी म्हणेल, याची मला लाज वाटली. मी कागद परत तिच्यापुढे सरकवला, ओळीवर बोट ठेवलं आणि सही कर म्हणालो. एक शब्द समजावला नाही. चार हजारांवर परक्यांना समजावलं, घरच्या एकीला नाही. आणि वहीत खूण केली. माझ्या सगळ्या वह्यांत तेवढीच एक खोटी.

आणखी एक, जे तुझ्या वकीलबाईंनी विचारलेलं नाही. तिकीटवाल्याला कड्या लावायला शिकव, असं मालकांनी मला दोनदा सांगितलं होतं. कागद आता पक्का आहे, सवडीने शिकवू, असं मी म्हणालो होतो.

हे सगळं माझ्या अक्षरात लिहून, वहीच्या पानासह वकीलबाईंना पाठवलं आहे. पानाची उजवी कड फाटलेली आहे, ती आधीपासूनच. आजपासून मी कामावर नाही.

लोभाबद्दल यावेळी काही लिहीत नाही.

दादा

२ एप्रिल

ती. दादास नमस्कार.

जबाब पोचला. दावा उभा राहील. इतका स्वच्छ जबाब पाहिला नाही, असं वकीलबाई म्हणाल्या. मीही पाहिला. एक शब्द खोडलेला नाही. एखादा तरी खोडलेला असता तर मला बरं वाटलं असतं.

भिंगरी डाव्या हाताने सही शिकते आहे. तुझा जबाब तिला वाचून दाखवला. शेवटपर्यंत ऐकला, मग म्हणाली, की मामाने एवढ्यात घरी येऊ नये. मी विचारलं नव्हतं, तिने आपणहून सांगितलं.

शेवटी लोभाची ओळ लिहायला घेतली, पण हात पुढे जाईना. ती जागा मी कोरी सोडते आहे. तिच्यावर बोट ठेवू नकोस.

धाकटी