डाव्या सीटचा दिवा

२४ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून मी मुंबईकर. कांजूरमार्गच्या गॅरेजात ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणून रुजू झालो आणि राहायला वरचा पत्र्याचा माळाही मिळाला. कचऱ्याच्या डंपिंगकडून वारा सुटला की जेवण भराभर उरकायचं, हे पहिल्याच दिवशी कळलं. मालक चंद्रप्रकाशशेठ तोंडाने फटकळ आहेत, पण दुपारी माझ्यासाठी घरचा डबा घेऊन आले. असा फटकळपणा आपल्याला चालतो.

रात्री हिंगोलीला नेत्राला फोन केला. लग्नाला आठ महिने झाले आणि त्यातले पाच, माझ्या आधीच्या परगावच्या नोकरीमुळे, आम्ही फोनवरच काढलेत. सहा डिसेंबरला घरची मंडळी चैत्यभूमीला येतील, त्यांच्याबरोबर ती येईल आणि मग इथेच राहील. माळ्याला पडदा हवा, म्हणाली.

ही वही आयटीआयच्या मास्तरांनी लावलेल्या सवयीमुळे. ते म्हणायचे, आधी लिही, मग हात लाव. जे दिसलं ते कागदावर आलं नाही, तर माणूस आपल्या अंदाजालाच बिघाड समजतो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

मढहून एक अकरा वर्षांची पांढरी गाडी आली. मालक हरेश्वर कोळी, मासळीचा धंदा. दोन गॅरेजांनी हात टेकलेत, त्यामुळे शेठनी ती मोठ्या प्रेमाने माझ्या गळ्यात मारली. तक्रार अशी की डाव्या सीटवर कोणी नसताना पट्ट्याचा लाल दिवा लागतो आणि मग बीप, बीप. शेठ म्हणाले, दिवा बंद करून दे, पार्टीला तेवढंच हवंय.

खाऱ्या हवेतली गाडी, म्हणजे अर्थिंग गंजलेलं असणार. होतंच. घासलं, नवी वायर टाकली, सीटखालचा सॉकेट साफ केला. दहा वेळा चालू-बंद करून पाहिली, दिवा गप्प. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

खुशी दोन दिवस टिकली. सकाळी अकराला टेस्टिंगसाठी गाडी जोगेश्वरीपर्यंत नेली. परतताना पवई तलावाजवळच्या बसथांब्यापाशी डाव्या दाराचा दिवा क्षणभर लागला आणि विझला. लगेच पट्ट्याचा लागला. कांजूरमार्गला सिग्नलपाशी पुन्हा दाराचा, आणि मग सगळं शांत.

खड्ड्याने वायर हलली असेल. दुपारी परत गेलो. तोच थांबा, तोच सिग्नल. चार वाजता तिसरी फेरी मारली, तेव्हाही तेच.

आधी दार, मग सीट, मग पट्टा, शेवटी पुन्हा दार. हा बसण्या-उतरण्याचा क्रम झाला. लूज वायर क्रम पाळत नाही.

१ डिसेंबर, सोमवार

सगळं वायरिंग उकललं, मीटर लावून तार अन् तार तपासली. बिघाड नाही. इतकी निर्दोष गाडी पाहून पहिल्यांदाच वाईट वाटलं.

शेठचा धीर सुटला. काउंटरवरची क्लिप त्यांनी माझ्याकडे फेकली. बीप नको असणारे लोक पट्ट्याऐवजी बकलमध्ये जो पत्र्याचा तुकडा खोचतात, तीच. गाडीला वाटतं, पट्टा लावलाय. हे काम मला कमीपणाचं वाटतं. पण शेठचं मन राखायचं होतं, नेत्रा येणार होती, माळा त्यांचाच. खोचली. खट्.

पवईच्या थांब्यापाशी दाराचा दिवा लागला. पुढे बीप नाही, काही नाही. शेठनी पाठ थोपटली.

कांजूरमार्गच्या सिग्नलला दाराचा दिवा लागला नाही.

३ डिसेंबर, बुधवार

जेवताना डाव्या दाराचं हँडल वाजलं. दोनदा. आतलं.

बॅटरी काढून ठेवली. तरी सीटच्या सेन्सरला मीटर लावला तर वजन दाखवतोय. सीट रिकामी आहे. हात फिरवून पाहिला. रेक्झिन गरम होतं, आणि गाडी सकाळपासून सावलीत उभी आहे.

मला भीती वाटतेय. लिहिलं म्हणजे कमी होईल असं वाटलं होतं.

६ डिसेंबर, शनिवार

चैत्यभूमीला गेलो. गर्दीत नेत्रा भेटली, उन्हाने काळवंडली होती, हसत होती. दोन दिवस अंधेरीला मावशीकडे राहून सोमवारी येते म्हणाली. तिला काहीच सांगितलं नाही. गाडी परत गेली की सांगेन.

७ डिसेंबर, रविवार

हरेश्वरदादा गाडी बघायला आले. बकलमधली क्लिप दिसताच खाली बसले.

त्यांची धाकटी बहीण शकु पवईला दिलेली. रोज त्या थांब्यावरून दादांच्या गाडीत बसायची आणि कांजूरमार्गला ऑफिसपाशी उतरायची. पट्टा लावायचा कंटाळा, बीपचा वैताग, म्हणून दादांनीच अशी क्लिप खोचून दिली होती. गेल्या वर्षी पुढच्या डंपरने ब्रेक मारला.

"दिवा बंद कर असं मी बोललोच नव्हतो," ते म्हणाले. "कशामुळे लागतो ते बघ, एवढंच बोललो. तिची जागा आली की ती उतरायची रे. तू तिला बांधून ठेवलीस."

दोघांनी मिळून क्लिप ओढली. बटण दाबलं, पक्कड लावली. निघत नाही. उद्या बकलच कापून काढणार. गाडी कोणी हलवायची नाही, असं शेठना सांगितलं. ते हसले.

८ डिसेंबर, सोमवार, दुपारी २.५०

हॅक्सॉचं पातं आणायला गेलो होतो. परत आलो तर गाडी जागेवर नाही. शेठ नवं बकल आणायला अंधेरीला गेलेत. तीच गाडी घेऊन.

३.०५

नेत्राचा फोन आला. शेठनी मावशीकडून तिला घेतलंय, मला सरप्राइज म्हणून. पुढे बसलीय. मी म्हटलं, मागे बस. मागे बॅगा आहेत म्हणाली, आणि घाबरू नको, पट्टा लावलाय.

पट्टा लागूच शकत नाही. बकलमध्ये क्लिप आहे.

ओढून बघ म्हटलं. बकलचं बटण खटखटल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "निघत नाहीये. कोणी धरल्यासारखा झालाय." विचारलं, आहेस कुठे. पवई तलाव, म्हणाली. फोन कट.

३.११

लागत नाही. शेठचाही नाही. गाडीत एक दिवा होता सांगायला, तो मीच—

३.३४

गेटात आली. शेठ उतरलेत, बाहेरून डावं दार ओढतायत. उघडत नाही. उजवीकडून आत वाकले, पट्टा खेचतायत. आवळतोय. नेत्राच्या गळ्यापाशी—

तिचे दोन्ही हात काचेवर आहेत. दोन्ही. इथून दिसतायत. आणि आतलं हँडल वाजतंय.

पातं हातात आहे आणि मी लिहीत उभा. आधी लिही, मग हात— नाही मास्तर. आधी