मोठीच्या दगडावरची ओळ

मी, एदेल्मिरा लाउ कास्तानेदा, वय एकसष्ट, अविवाहित, निवृत्त शिक्षिका, राहणार कापोन गल्ली, लिमा, आज सकाळची पेज घेऊन, चष्मा पुसून, कुणाच्याही दडपणाखाली नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे. हृदयाबद्दल डॉक्टरांनी वेगळा कागद दिला आहे. याआधी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात एक गोष्ट लिहायची मी टाळली होती.

एक. माझी माणसे. वडील लाउ काम-फाई. याच गल्लीत त्यांची खाणावळ होती. जन्म देणारी आई मेर्सेदेस, ती इथलीच, हुआचो बंदरातली. आणि वडिलांची पहिली बायको चान सिऊ-हान. लग्नानंतर चारच महिन्यांनी तिला चीनमधल्या गावी ठेवून वडिलांनी समुद्र ओलांडला होता. ती १९४७ साली बोटीने इथे आली, तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आमच्या रीतीप्रमाणे तिला मोठी आई म्हणायचे. मी नुसते मोठी म्हणे. मेर्सेदेस आई तीन दिवस खोलीत रडली. चौथ्या दिवशी बाहेर येऊन म्हणाली, "आता आलीच आहेस, तर कांदा चीर." पुढे दोघींनी एकाच ओट्यावर सोळा वर्षे काढली. एकीची मिरची, दुसरीचे आले.

दोन. वाफवायच्या वेताच्या करंड्या, लोखंडी कढई आणि मोठीचा रुंद सुरा माझी भाची मिलाग्रोस हिला. सुऱ्याला धार दगडावर लावावी, मशीनवर नाही. खारवलेल्या बदकाच्या अंड्यांची बरणी कुणी हलवू नये. ती अजून अकरा दिवस मुरायची आहेत, मी असले काय नि नसले काय.

तीन. शेजारीण ओफेलिया सिऊ हिने १९८२ साली आमचा दगडी खलबत्ता दोन दिवसांसाठी नेला. तो तिलाच देऊन टाकणार होते. पण ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही देता येत नाही, असे वकील सांगतात. सबब तिने तो परत करावा. समोर बसून ती म्हणते आहे, "मेल्यावरसुद्धा मागशील गं बाई!" होय, मागेन.

चार. बँकेतली शिल्लक, दवाखाना भागवून जे उरेल ते, माझ्या जुन्या कॉन्व्हेंट शाळेला. अट एकच: मुलींचे डबे घेऊन येणाऱ्या बायांसाठी पुढच्या फाटकाशी, सावलीत, पाठ टेकता येईल असा बाक करावा.

पाच. बाकाचे कारण. मोठी रोज दुपारी माझा डबा आणायची. भातात बसवलेली डुकराची सॉसेजं, अर्धे खारे अंडे, आणि वेगळ्या भांड्यात हाडांचे सूप, जे तिने पहाटेपासून मंद आचेवर ठेवलेले असे. अंगात निळे रेशमी जाकीट, केसांना तेल. माझ्या शाळेत येणे हा तिचा सण होता. मी दहा वर्षांची असताना एके दिवशी नवीन मदर फाटकाशी आल्या आणि त्यांनी विचारले, "ही बाई कोण गं?"

मैत्रिणी ऐकत होत्या. दोन आया कशा सांगायच्या? मी म्हणाले, "आमची स्वयंपाकीण, मदर."

मोठी हसली. मला डबा देऊन म्हणाली, "खा, गार होईल."

दुसऱ्या दिवसापासून ती पांढरा एप्रन बांधून आली आणि पुढच्या फाटकाशी न थांबता मोलकरणींच्या मागच्या दाराशी उभी राहिली. सहा वर्षे. ते जाकीट मी पुन्हा तिच्या अंगावर पाहिले नाही. मी मनाची समजूत घातली होती की तिला स्पॅनिश कळत नाही, एप्रनचा आणि माझ्या शब्दाचा काही संबंध नाही. ही समजूत मला पन्नास वर्षे पुरली.

परवा, कबरी झाडायच्या दिवशी, वाफवलेली कोंबडी आणि संत्री घेऊन आम्ही कबरस्तानात गेलो होतो. तिथे काढेवाले डॉन अबेलार्दो कुआन भिंतीतल्या मोठीच्या कबरीच्या कोनाड्यापुढे काठी टेकून उभे राहिले. म्हणाले, "पोरी, ही एकदा माझ्या दुकानात आली होती. एक स्पॅनिश शब्द तोंडात घट्ट धरून आणलेला. म्हणाली, याचा अर्थ काय? मी सांगितलं, स्वयंपाकीण. तर हिनं विचारलं, एप्रन कुठे मिळेल?"

सहा. मोठी १९७१ साली गेली. तेव्हा मी त्याच शाळेत शिकवत होते आणि अंत्यविधीला नन्स येणार होत्या. धाकटा भाऊ फाउस्तीनो म्हणाला, "ताई, दगडावरचं तूच लिही, तुझं स्पॅनिश चांगलं आहे." मी सुंदर अक्षरात लिहिले: लाउ कुटुंबाची विश्वासू स्वयंपाकीण. ते आजही तसेच आहे. आई-वडिलांपुढे मी दरवर्षी तीन पेले दारू आणि ताट मांडते. तिच्यापुढे नुसती फुले ठेवत आले, नोकरमाणसापुढे ठेवतात तशी.

सात. त्या कोनाड्याची कागदपत्रे फाउस्तीनोच्या नावावर आहेत, त्याच्या सहीवाचून दगड बदलता येत नाही. परवा तिथेच मी विषय काढला.

"ताई, अठ्ठावीस वर्षं झाली. आता काय उकरून काढतेस? लोक म्हणतील, बाबांच्या दोन बायका होत्या."

"गल्लीत कुणाला ठाऊक नाही, नाव सांग."

"माझ्या सुनेच्या माहेरच्यांना नाही ठाऊक."

"तुला कांजिण्या आल्या तेव्हा नऊ रात्री कोण बसलं होतं रे? स्वयंपाकीण?"

तो संत्री पिशवीत भरत राहिला.

म्हणून माझे राहते घर मी फाउस्तीनोला देत आहे, ते या अटीवर: माझ्यामागे सहा महिन्यांत जुना दगड काढून नवा बसवावा. त्यावर तिचे नाव तिच्या लिपीत आणि खाली "एदेल्मिरा आणि फाउस्तीनो यांची आई". तसे न केल्यास घर चिनी वृद्धाश्रमाला जाईल. फाउस्तीनो, घरासाठी का होईना, पण कर. आणि कारागीर पहिला घाव घालील तेव्हा तिथे उभा राहा. तुला रडू येईल, मला माहीत आहे.

आठ. मला तिच्या शेजारच्या कोनाड्यात ठेवावे. माझा तपकिरी पोशाख घालावा आणि त्यावर कपाटाच्या खालच्या खणातला तिचा एप्रन बांधावा. गाठ मागे. जपमाळ खिशात असू दे; हातात तो डबा द्यावा, धुऊन, पुसून. तिथेही फाटक असेलच. ती येईपर्यंत मी पुढच्या फाटकाशी उभी राहीन, आणि कुणी विचारले, ही कोण, तर या वेळी नीट सांगेन.

लिहून वाचून पाहिले, खाडाखोड नाही.

सही: एदेल्मिरा लाउ कास्तानेदा

साक्षीदार:
१. अबेलार्दो कुआन, काढेवाले
२. ओफेलिया सिऊ, शेजारीण (खलबत्ता आज संध्याकाळी आणून देते)

लिमा, ७ एप्रिल १९९९