अकरा वेळा ऐकलेली नववी

बाई, आधी चष्मा शोधा. उशीखाली पाहू नका, फ्रिजवर पाहू नका, डोक्यावर हात फिरवा. सापडला? आता वाचा. अन् हे पत्र कोणाचं म्हणून कपाळाले आठ्या घालू नका. तुमची विसरायची सवय मले ठाऊक आहे. दुधाचा गंज, म्हणजे पातेलं, गॅसवर ठेवून तुम्ही शाळेत निघून गेल्या होत्या अन् दुपारी येऊन उलटं मलेच विचारलं होतं, गंज एवढा काळा कावून झाला. त मी ती, तो गंज घासणारी. सेक्टर दहाच्या तुमच्या क्वार्टरात अकरा वर्षं दोन्ही वेळचा स्वयंपाक केला, ती. अक्षर माझं नाही. मले अक्षर येत नाही, हे एक तुम्ही विसरल्या नसाल. मी बोलून राहिली अन् माझी नात लिहून राहिली. ती नववीत आहे, म्हणजे अजून नववीतच आहे, ते पुढं सांगते. मराठी ती घरात बोलते, बाहेर सगळं हिंदी, त काही शब्द वाकडे दिसतील. लाल पेन घेऊन बसू नका.

तुमाले वाटायचं मी तुमच्याकडं पोळ्या करते. मी नववी करत होती, बाई. संध्याकाळी पाच वाजले की समोरच्या खोलीत दरी, म्हणजे तुमची सतरंजी, पडायची, नववीची आठ-दहा पोरं-पोरी चपला दाराशी काढून बसायची, अन् तुमचा आवाज सुरू व्हायचा. शाळेत तुम्ही सकाळभर बोलून आलेल्या असायच्या, तरी तो आवाज भिंतीतून असा यायचा, जसा वरणाले तडका दिला की वास दुसऱ्या खोलीत जातो. मी आत कणीक मळते. हात कणकेत, कान तुमच्याकडं. पहिल्या वर्षी काही कळलं नाही. दुसऱ्या वर्षी तेच पुन्हा आलं, त्याच महिन्यात, त्याच क्रमानं, तेव्हा मले समजलं की नववी ही भाज्यांसारखी असते, आपापल्या दिवसात येते. पावसाळ्यात चरोटा भाजी आली की बहुपद. जिमीकंद, तुमचं सुरण, आलं, दिवाळी जवळ आली की त्रिभुज, म्हणजे त्रिकोण. थंडीत तिवरा भाजी निवडायले बसली की गतीचे नियम: जी वस्तू थांबली ती थांबलेलीच राहते, जोवर कोणी धक्का देत नाही. मी मनात म्हणायची, हे त माझ्या नवऱ्याचं वर्णन आहे. मुनग्याच्या शेंगा आल्या की परीक्षा. पोरं दरवर्षी नवीन, पुढं दहावीत निघून जायची. मी मात्र जुलैत पुन्हा पहिल्या धड्यावर. अकरा वेळा नववी केली मी, अन् एकदा बी नापास झाली नाही, कारण मले पेपर कोणी दिलाच नाही.

तो दिवस तुमाले आठवत असेल, कारण त्या दिवशी तुम्ही उपाशी राहता राहता वाचल्या. तुम्ही पोरांले विचारून राहिल्या होत्या, दोन त्रिभुजांचे तीनही कोन बरोबर असले त ते दोन त्रिभुज अगदी एकसारखे होतील का, एकावर एक ठेवले त झाकल्या जातील का. सगळी पोरं एका सुरात, "जी मैडम." मी तव्यावर तिकोनी पराठा टाकून होती, बाजूच्या शेगडीवर वरण. अन् माझं तोंड मले न विचारता उघडलं. "नहीं होंगे! छोटा पराठा, बड़ा पराठा, कोने वही के वही!"

समोर पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. मग जे हसणं सुटलं, बाई! एक पोरगी त दरीवर लोळली. मी पदर तोंडात कोंबून ओट्याले चिकटून उभी. मले वाटलं, उद्यापासून दुसरं घर शोधा. तुम्ही आत आल्या. चेहऱ्यावर हसू नाही, राग नाही. तुम्ही म्हणाल्या, "आतून काय बोलतेस? बोलायचं असेल तर समोर येऊन बोल." माझा हात धरला, कणकेचा हात, अन् मले त्या दरीसमोर उभं केलं. "पुन्हा सांग." मी सांगितलं. पायाच्या अंगठ्याकडं पाहून सांगितलं, पण सांगितलं. मग तुम्ही पोरांले म्हणाल्या, "लिखो इसको." त्यांनी लिहिलं, बाई. माझा पराठा त्यांच्या वहीत गेला.

तेवढ्यात वरण बुडाले लागलं होतं. सगळ्या घरात धूर. रात्री तुम्ही ते जळकं वरण भातावर घेतलं अन् म्हणाल्या, "ये, इथे बस, समोर. दोघी मिळून हे संपवू, एकटीला नाही जाणार." मी म्हटलं, मी नंतर खाईन. अन् स्वयंपाकघरात, खाली, भिंतीले पाठ लावून खाल्लं. नेहमीसारखं.

त्याच दिवाळीले तुम्ही मले कागदात गुंडाळून काहीतरी दिलं. मी वरून चाचपलं, कडक लागलं. मले वाटलं, बाई विसरल्या, साडीच्या जागी साडीचा डबाच दिला. उघडलं त कंपासपेटी. टिनाची, नवी, आत परकार, पट्टी, पेन्सिल, सगळं. तुम्ही म्हणाल्या, "दुपारी दोन ते चार शिकवीन. अक्षरं एका महिन्यात येतील तुला, बाकी नववी तर येतेच." मी म्हटलं, बाई, मले वेळ कुठं आहे. तुम्ही पुढच्या दिवाळीले पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं. मग तुम्ही विचारणं सोडलं. रिटायर होऊन नागपूरले गेल्या, अन् पुढं तिथं तुम्ही देवाघरी गेल्याची खबर मले महिन्यानं लागली, सिविक सेंटरच्या भाजीबाजारात, त्या दरीवर लोळणाऱ्या पोरीकडून. ती बिचारी रडली. मी टमाटर निवडत राहिली. कंपासपेटी आहे अजून. तिच्यात मी लवंगा-इलायची ठेवते. परकारानं मी चाळीस वर्षं चपलेच्या पट्ट्याले भोकं पाडली. आता रागवा.

आता या पोरीचं सांगते. (ती म्हणते, आजी, ये मत लिखवाओ. मी म्हणते, लिही.) ती मार्चमध्ये गणितात नापास झाली. मरोद्यात आमच्या गल्लीत अशी बातमी नळाच्या पाण्याआधी पोचते. माझ्या पोरानं, म्हणजे तिच्या बापानं, शाळेत जाऊन तिचा पेपर पाहिला. चुकलेलं काही नव्हतंच. पेपर कोरा होता. पहिलं पान लिहिलं, त्यावर आडवी रेघ मारली, अन् पुढं पांढरं. घरात विचारलं त पोरगी सगळं तोंडी सांगते, धडाधडा. पेपरात कावून नाही लिहिलं? त उठून पाणी भरायले गेली. मग दोन दिवसांनी मले म्हणे, "आजी, गलत लिखा तो दिखेगा ना सबको. नहीं लिखा तो किसको क्या पता."

पोरगा म्हणाला, हिले शाळेतून काढून टाकू, घरी बसून ओपन स्कूलमधून पुढं पाहू, नाही त शिलाईत टाकू. तो वाईट नाही, बाई. दिवसभर प्लांटमधून ठेक्यावर राबून येतो अन् त्याले घरी भांडण नको असते. म्हणे, "आई, एक सप्लिमेंट्री देतात जूनमध्ये, त्यातही ही कोराच पेपर देईल, कशाले हसू करून घ्यायचं?" मी म्हटलं, लिहून देईल. तो म्हणाला, "तुले काय समजते? नववी काय असते, पाहिली का तू कधी?"

मी म्हटलं, पाहिली नाही. ऐकली. अकरा वर्षं.

दुसऱ्या दिवशीपासून सकाळी उन्हं चढायच्या आधी मी तिले मागच्या ओसरीवर बसवायले लागली. बाई, मी तुमचा आवाज काढत होती, हसू नका. अन् सुरुवात जिथून तुम्ही करायच्या तिथूनच, लघुगणकापासून, ज्याले तुम्ही लॉग म्हणायच्या. गुणनफल का लघुगणक, लघुगणकों का योग. भागफल का लघुगणक, लघुगणकों का अंतर. आठ दिवस मी तिच्याकडून घोकून घेतलं, चुकली की पुन्हा, अन् ती बी गुमान म्हणत राहिली. नवव्या दिवशी मी म्हटलं, आता पुस्तकातून लिहून दाखव. तिनं पुस्तक उघडलंच नाही. म्हणे, "आजी, ये तो हमारे सिलेबस में है ही नहीं. कब का हट गया."

मी आठ दिवस हटलेली नववी शिकवून राहिली होती! म्हटलं, मग सांगितलं कावून नाही, गधे? त म्हणे, "तू किती छान म्हणत होती. तुले सगळं येत होतं." मी आत गेली अन् विनाकारण डब्यांची झाकणं पुसली.

मग तिनं मले तिची नववी सांगितली. त्रिभुज अजून आहेत, बाई, त्यांले कोणी हात लावला नाही. बहुपदं बी आहेत. गतीचे नियम आहेत, माझा नवरा गेला पण नियम राहिला. तुमच्या इतिहासात जुनी शहरं होती, जमिनीतून निघालेली. आता पोरं दूर देशातल्या राजाची मान कापतात. मले ते आवडलं. मी म्हटलं, ठीक आहे, तू वाच, मी ऐकते, ऐकायची सवय आहे मले. अन् तोंडी तिचं सगळं बरोबर. पण वही पुढं केली की पेन्सिल थांबली. मी धमकावलं, गोड बोलली, आंब्याचा रस कबूल केला. काही नाही. शेवटी एक दिवस ती चिडली; कंपासपेटीची गोष्ट तिले मीच सांगितली होती. "तू मुझे बोलती है लिख, लिख. तू कावून नाही शिकली? बाई शिकवणार होती ना तुले?"

मी तुमाले दिलं होतं तेच उत्तर तोंडावर आलं. वेळ नव्हता. पण समोर पोरगी अशी पाहून राहिली होती, जसं तुम्ही त्या दिवशी ओट्याजवळ पाहिलं होतं. अन् मले तुमचा आवाज ऐकू आला, आतून काय बोलतेस.

मी उठली, कंपासपेटीतल्या लवंगा परातीत ओतल्या, पेन्सिल काढली. इतक्या वर्षांत तिले टोक नव्हतं, पोरीनं काढून दिलं. मी म्हटलं, मी तुले त्रिभुज काढून दाखवते, मग तू काढायचा, अन् त्याच्या खाली जे येते ते सगळं लिहायचं. बाई, सत्तरी ओलांडली मी, पाटे-वरवंटे उचलले, पण ती पेन्सिल जी जड लागली! पट्टी सरकली. एक रेघ दुसरीले भेटायले तयार नाही. तिसरी त कागदाच्या बाहेर, ओसरीवर. पोरगी हसली. खूप हसली, डोळ्यातून पाणी येईपर्यंत. मी म्हटलं, हस. दिसलं ना सगळ्यांले? आता तुझी पाळी. तिनं माझ्या त्या फाटक्या त्रिभुजाच्या बाजूले एक काढला, अन् खाली लिहायले लागली. पहिलं उत्तर चुकलं. मी कशी ओळखणार? तिनंच सांगितलं. म्हटलं, रेघ मारू नको त्यावर, राहू दे, दुसरं लिही. मग रोज तसंच. मी एक वाकडी आकृती, ती एक पान.

आज तिची सप्लिमेंट्री झाली. मी शाळेच्या फाटकाबाहेर नीमाखाली बसून होती, चौकीदार म्हणे, अम्मा, घर जाओ, मी म्हटलं, थांबलेली वस्तू थांबलेलीच राहते. पोरगी घंटी झाल्यावर निघाली, सगळ्यांच्या शेवटी. बोटावर शाई. म्हणे, "सब लिखा आजी. दो तो पक्का गलत है." अन् माझ्या शिकवण्यातलं एक बी आलं नव्हतं म्हणे, पराठा बी नाही. निकाल लागायचा आहे. काही बी लागो, तिची शाळा सुटणार नाही, हे मी घरी येऊन पोराले समोर उभं राहून सांगितलं. ओट्याआडून नाही. तो चहा पीत होता, पीतच राहिला, पण मान हलवली.

हे पत्र टपालात टाकायचं नाही, तुमचा पत्ता त तुम्ही बी विसरल्या असाल. कंपासपेटीत घडी करून ठेवते, लवंगांखाली. फक्त एक सांगायचं राहिलं, अन् ते या पोरीसमोरच सांगते. वेळ होता, बाई. दुपारी दोन ते चार तुम्ही झोपायच्या अन् मी मागच्या पायरीवर जामाच्या झाडाखाली नुसती बसून राहायची, रोज. मले भीती होती. ऐकून ऐकून मी तुमच्या घरात हुशार होती. पेन्सिल हातात घेतली अन् ढ निघाली असती त? ते तुमाले दिसलं असतं. म्हणून मी आतच राहिली.

(पोरीचा पेन थांबला होता. मी म्हटलं, लिही.)

तिकडून काही पाठवायचं मनात आलं त साडी पाठवू नका, मिठाई त नकोच, शुगर आहे मले. ते जळकं वरण पाठवा. त्या दिवशीचं, बुडाले लागलेलं. भात मी इकडं लावते. दोन ताटं घेते, अन् या वेळी समोर बसते.