पाह्यण्याचे तीन शब्द

बाई, तुमाले जाऊन लय वर्सं झाले. मी आठवीत शाळा सोडली तवा तुमी घरी आल्या होत्या अन् मी दाराआड लपली, तीच मी. आता माह्यी पोरगी मोताळ्याच्या इंग्रजी शाळेत पहिलीत हाय. मागच्या आठवड्यात तिच्या मॅडमनं निरोप धाडला का पोरीले सी, लुक, वॉच कुठं कोणता लावावा ते समजत नाही. सोमवारी परत विचारीन, नाही आलं तं केजीत बसवीन, आईनंबी संगं यावं. सासू म्हणे, "तूबी बस तिच्या बाकावर, दोघींचा डबा एकच भरतो." मी हासली खरी. माह्यापाई पोरगी मागं राहीन, हेच भेव.

पोरगी म्हणे, "आई, आपण तं सगळ्यालेच पाह्यणं म्हणतो." खरंच हाय. टीव्ही पाह्यतो, वावर पाह्यतो, लेकरूबी पाह्यतो. तवा मले तुमचा तो दिवस आठवला. शाळेमागच्या वावरात तुमी पदर खोचून पुढं चालून राह्यल्या, आमी मागं. वावराच्या कडेले धुऱ्यावर थांबून म्हणता, कपाशी दिसते ना, ते सी. मंग वाकून बोंड फोडता, आत अळी शोधता, हे लुक. मंग मचाणावरच्या राखणदार बाबाकडं बोट दाखवता. रोह्यांचा कळप कपाशीत घुसू नये म्हणून सकाळपासून त्यांची नजर हालत नाही, ते वॉच. अळी पाहून मी किंचाळली तं तुमी रागावल्या, वावरातली पोरगी अळीले भेते काय म्हणून.

रविवारी मी पोरीले तसंच नेलं. बोंडं फोडाले लावले, राखणीले धुऱ्यावर उभी केली. घंटाभर हालली नाही.

सोमवारी मॅडमनं चित्र ठेवलं, टीव्हीपुढं बसलेलं पोरगं. पोरीनं चित्र जवळ ओढलं. मंग हळूच म्हणे, "वॉच." मॅडमनं विचारलं, का बरं?

"त्याची बहीण चॅनल बदलवते ना, म्हणून राखण करून राह्यला."

मॅडमले हासू आवरेना. अजून तीन चित्रं विचारले, एक चुकलं. म्हणे, राहू द्या पहिलीतच, घरी असंच घेत जा.

पुढच्या रविवारी से अन् टेल घ्यायचं हाय. ते तुमी शिकवलं तवा मी शाळेत नव्हती, मलेच काही शोधा लागीन. सापडीन असं वाटते. हे पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर लिवून राह्यली, धाडाले तं पत्ता नाही.

एक सांगाचं राह्यलं. निघताना मॅडमनं विचारलं, "ताई, हे तिला कोणी शिकवलं हो?" तुमचं नाव तोंडापर्यंत आलं होतं, बाई. पण शाळेत मले कोणी असं इज्जतीनं पयल्यांदाच विचारून राह्यलं होतं. मी म्हटलं, "म्याच."