सुशीच्या ओव्यांचं फोल्डर

३ फेब्रु., कुंडल
सांगलीच्या डॉक्टरांनी आमच्या सुशीच्या गळ्याच्या ऑपरेशनची तारीख दिली. १३ला. गाठ साधीच वाटते म्हणाले. आवाज मात्र पहिल्यासारखा राहील असं नक्की नाही. येताना एसटीत ही खिडकीबाहेर बघत. मी तिकीट दुमडत.
घरी येऊन जुन्या मोबाइलचं कार्ड शोधलं. हिच्या आवाजात भरून ठेवलेल्या ओव्या त्यातच.

५ फेब्रु.
सूनबाई, पल्लवी, म्हणाली, "मामा, एवढ्या फायली माउसनं किती दिवस लावणार? टर्मिनल शिका." कॉम्प्युटरवरची काळी खिडकी, त्यात हुकूम टाइप करायचे. ls म्हणजे काय काय आहे दाखव. mkdir म्हणजे नवं फोल्डर. mv म्हणजे हलव, नाहीतर नाव बदल. फौजेत जन्म हुकूम पाळण्यात गेला, आता मी सोडतोय.
सुशी चहा ठेवता ठेवता, "आवं, तुमचं ऐकणारं गावलं म्हणायचं एक तरी!"

८ फेब्रु.
घात झाला. एका ओवीला bhau नाव दिलेलं. आज दुसरी निघाली, तीही भावाचीच. तिलाही bhau. mv नं विचारलंसुद्धा नाही. दुसरी पहिलीच्या जागी बसली, पहिली गेली. कार्डातूनही हलवलेली, तिथंही नाही.
पल्लवी हळू म्हणाली, "मामा, इथं कचरापेटी नसते. आधी cp, एक प्रत ठेवायची. आणि mv ला -i लावलं की ते आधी विचारतं."
जेवण गेलं नाही.

९ फेब्रु.
हिला सांगितलं. हसायलाच लागली, मग खोकला. "मशीन इसरलं आसंल. मी कुटं इसरलीया? लावा मोबाइल."
बाहेरच्या सोप्यात बसून गेलेली ओवी परत म्हटली. आवाज फाटत होता. मधेच थांबली, पाणी प्याली, परत धरली. रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर गाणी वाजवत गेला, तोही आलाय त्यात. राहू दे.
आधी cp. मग mv -i. bhau आहेच, पुसू का, असं विचारलं त्यानं. n दाबलं. या ओवीचं नाव bhau2.

१४ फेब्रु., सांगली
काल ऑपरेशन नीट झालं. आता बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. एवढी गप्प कधी बघितली नव्हती. ओव्या लावल्या, इयरफोनचं एक टोक हिच्या कानात, एक माझ्या.

१९ फेब्रु., कुंडल
गाठ साधीच निघाली. आवाज कवा, किती, ते डॉक्टर सांगत नाहीत.
सकाळी नव्या ओव्यांसाठी mkdir navya केलं. आत जाऊन ls मारलं. काहीच आलं नाही. रिकामं. ही मागं उभी होती, कळलं नाही मला. बराच वेळ स्क्रीनकडं बघितलं तिनं. मग माझा मोबाइल उचलला आणि चार्जिंगला लावला.